अंगुस्तानभर मीठ

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, आणि साहेब तर ते कुणाचेच नव्हते. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात ते बॉयलर सांभाळायचे. तीस वर्षं एका तबकडीवरच्या काट्याकडे टक लावून उभे राहिले, म्हणून इस्त्रीखात्यातल्या बायकांनी त्यांचं हे नाव ठेवलं. ते असं काही चिकटलं, की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तेच मागे वळून बघायचे, बोलावताहेत कुणाला म्हणून.

बॉयलरची खोली आवाराच्या मागच्या टोकाला होती. वर पत्रा, एकच खिडकी, तीही भट्टीच्या उलट्या बाजूला. आत टेबल होतं, खुर्ची होती, पण खुर्चीत बसलेले काटेसाहेब कुणी पाहिले नव्हते. भिंतीवर सुतळीने टांगलेली नोंदवही. दर अर्ध्या तासाला तिच्यात दाब किती, पाणी किती, धुराड्याचं तापमान किती, हे लिहायचं. वाफ कमी पडली की इस्त्रीखात्यातून बायकांचा आरडाओरडा सुरू, जास्त झाली तर सगळ्यांनाच वर जायचं तिकीट. ह्या दोन टोकांच्या मधे हिरव्या रंगाचा एक पट्टा रंगवलेला, आणि त्या पट्ट्यात काटा ठेवणं हे काटेसाहेबांचं आयुष्य. कुणी विचारो न विचारो, ते सांगायचे की तीस वर्षांत आपण नोंदवहीत एकही खोटा आकडा लिहिलेला नाही. आणि सांगतो काय, ते खरं होतं. माणूस थोडा चक्रम असेल, पण लबाड नव्हता.

कारखान्याचा एक नियम होता. पंचावन्न ओलांडलेल्या बॉयलरवाल्याने दरवर्षी डॉक्टरबाईंकडून तब्येतीचा दाखला आणायचा. दाखला मिळाला तर बॉयलर, नाही मिळाला तर गोदाम. गोदामात उशांचे अभ्रे मोजायचे, बारा बाराच्या गठ्ठ्यात बांधायचे आणि पाच वाजता घरी जायचं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वा, सुटलो. काटेसाहेबांना मात्र अभ्र्यांच्या नुसत्या विचाराने घाम फुटायचा. बॉयलरसमोर उभं राहून जेवढा फुटत नसे, तेवढा.

गेल्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला आणि त्यांचाच काटा हिरव्या पट्ट्याच्या वर निघाला. फार नाही, थोडासाच. बाईंनी दाखल्यावर सही केली, पण बजावलं, मीठ कमी करा. बंद करू नका, कमी करा. आणि पुढच्या वर्षी दाब असाच दिसला तर मी सही करणार नाही, हेही सांगितलं.

आता पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते काय, ते बघा. काटेसाहेबांनी ह्या सगळ्या वाक्यांतला एकच शब्द घरी आणला, तो म्हणजे मीठ. त्याचंही कारण आहे. बॉयलरवाल्याचा जन्मजात वैरी कोण, तर पाण्यातले क्षार. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात, नळ्यांच्या अंगावर पांढरा थर धरतात, नळ्या अरुंद होतात आणि एक दिवस फुटतात. म्हणून बॉयलरला शुद्ध केलेलं पाणी पाजायचं आणि तळाशी साठलेलं खारं पाणी रोज थोडं सोडून द्यायचं. तीस वर्षं हेच केलेल्या माणसाला नव्याने काय सांगायचं? माणसाच्या अंगात नळ्याच नळ्या. त्यात मीठ घालणं म्हणजे आपल्या हाताने थर चढवणं. बॉयलरमधे कुणी चमचाभर तरी मीठ टाकेल का? मग आपण का टाकायचं?

त्याच दिवशी जेवताना त्यांनी मिठाची बरणी उचलली आणि मोरीत रिकामी केली. बायकोच्या हातात तेव्हा काकडीची फोड होती. काकडीवर मीठ भुरभुरून खाणं हा तिचा लग्नाच्या आधीपासूनचा शौक. तिचा हात बरणीच्या जागेपर्यंत गेला आणि तिथे काहीच नाही म्हणून परत आला. ती एवढंच म्हणाली, डॉक्टरबाईंनी बंद करायला सांगितलंय का? काटेसाहेब म्हणाले, डॉक्टरांना बॉयलरमधलं काय कळतं. झालं, विषय संपला. त्या घरात विषय असेच संपायचे.

बायको घरी शिवणकाम करायची. फाटलेल्या बाह्या, उसवलेल्या चेनी, सैल झालेल्या कमरा. खिडकीपाशी मशीन, मशीनवर बटणांचा पत्र्याचा डबा, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळी अंगुस्तान. ते तिच्या बोटात इतकं मुरलं होतं, की कधीकधी ती ते घालूनच पीठ मळायची.

मग काटेसाहेबांनी स्वतःची नोंदवही सुरू केली. हुबेहूब बॉयलरच्या नोंदवहीसारखी, रकाने आखून. पाणी किती प्यालं, किती गेलं, गेलं त्याचा रंग कसा होता (हो, हेसुद्धा), नाडी, ताप, आणि शेवटच्या रकान्यात मीठ. मिठाच्या रकान्यात रोज शून्य. पाण्याचंही त्यांनी पक्कं करून टाकलं होतं. कामावर नळाचं पाणी प्यायचं नाही, वाफ थंड होऊन ठिबकणारं पाणी बाटलीत धरायचं आणि तेच प्यायचं. क्षाराचा मागमूस नाही. दुसऱ्या पाळीचा बॉयलरवाला, ज्याच्या आवाजामुळे सगळा कारखाना त्याला भोंगा म्हणायचा, त्याने एकदा सांगून बघितलं की अरे, त्यात आपण काय काय औषधं टाकतो, ते पितोस काय. काटेसाहेबांनी त्याला अज्ञानी ठरवलं.

पहिला महिना थोडा जड गेला. पोटऱ्यांत गोळे यायचे, दुपारी डोकं दुखायचं, भाजी चघळलेल्या कागदासारखी लागायची. पण दुसऱ्या महिन्यापासून बघता बघता सगळं सुरळीत झालं. गोळे गेले, डोकं शांत झालं आणि नवल म्हणजे अळणी भाजीला चव यायला लागली. काटेसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. जिभेला वळण लावलं की भाजीचं स्वतःचं मीठ कळायला लागतं, असा शोध त्यांनी लावला आणि जो भेटेल त्याला गाठून ऐकवायला सुरुवात केली. इस्त्रीखात्यातल्या बायका त्यांना येताना पाहिलं की डबे झाकायच्या. भोंगा तर सरळ विचारायचा, आज कुणाच्या मिठात खडा टाकलास? पण काटेसाहेब डगमगले नाहीत. भट्टीसमोर आठ तास उभं राहून, घामाने निथळून, त्यांची नाडी जागेवर, ताप जागेवर, औषधाच्या दुकानात मोजून घेतलेला दाबही हळूहळू जागेवर. वर्षभर वहीतला एक आकडा हलला नाही. ते म्हणायचे, मी माझं शरीर हातात ठेवलंय.

हे वाक्य ऐकून बायको मशीनवर मान खाली घालायची. धागा तोडायला म्हणा किंवा हसू लपवायला म्हणा.

पुढची तपासणी अठरा दिवसांवर आली आणि तेव्हाच मुलीचा निरोप आला. मुलगी दुसऱ्या गावी असायची, दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या आधीच कळा येतील असं दिसत होतं. बायकोने पिशवी भरली. जाण्याआधी तिने एक काचेची बरणी ओट्यावर ठेवली, तिच्यात तिने घरी कुटलेला मसाला होता. तिने दोनदा सांगितलं, की रोजच्या भाजीत ह्यातला एक चमचा घाला, कंटाळा करू नका, आणि फार उकडलं त्या दिवशी दोन घाला. स्टँडवर पुन्हा सांगितलं. गाडीच्या खिडकीतून तिसऱ्यांदा सांगितलं. काटेसाहेब हो हो म्हणाले. घरी येऊन त्यांनी विचार केला, परीक्षा तोंडावर आलेली, आता कशाला मसाले? त्यांनी बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि बटाटे नुसते उकडून खायला लागले.

पहिले चार दिवस मजेत गेले. वही भरत होती, शून्यावर शून्य. पाचव्या दिवशी पोटरीत गोळा आला. आठव्या दिवशी डोकं दुखायला लागलं, ते थांबेचना. भाजी पुन्हा कागदासारखी लागायला लागली. काटेसाहेबांनी हिशेब केला, की आत कुठेतरी क्षार उरलेत, ते धुऊन निघाले पाहिजेत, म्हणून त्यांनी ठिबकपाणी दुप्पट केलं. अति तिथे माती म्हणतात, पण माती होताना माणसाला दिसत नाही हो. दहाव्या दिवशी मुलीला मुलगी झाल्याचा फोन आला. तेव्हा ते एकदा हसले, आणि फोन ठेवल्यावर मुलगा झाला की मुलगी, हेच त्यांना आठवेना. त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी दुपारी अडीच वाजता जे झालं, ते ऐका.

बॉयलरच्या छातीवर एक उभी काचनळी असते. आतलं पाणी कुठवर आहे ते तिच्यात दिसतं. त्यात एक मेख अशी, की काचनळी काठोकाठ भरलेली असली आणि पूर्ण रिकामी असली, तरी सारखीच दिसते, कारण पाण्याची रेघ दोन्ही वेळा दिसत नाही. भरलेली असेल तर फारसं बिघडत नाही. रिकामी असेल तर आत नळ्या कोरड्या तापताहेत, आणि तशात कुणी गार पाणी सोडलं तर सगळं आवार उडेल. म्हणून रेघ दिसेनाशी झाली की आधी आग बंद, मग खालची तोटी उघडून बघायचं, तोवर पाण्याला हात लावायचा नाही. हे काटेसाहेबांनी आयुष्यात बारा जणांना शिकवलं होतं, भोंग्यालासुद्धा.

त्या दुपारी काचेत रेघ नव्हती. काटेसाहेब समोर उभे होते. आग भणभणत होती. त्यांना एवढं कळत होतं की काहीतरी करायचं आहे, पण काय, आणि आधी काय, ते सापडत नव्हतं. नेहमीच्या घरात अंधारात बटण सापडू नये तसं. त्यांचा हात वर गेला आणि पाण्याच्या चाकावर बसला. नेमका तिथे. चाक अर्धं वळलं असेल नसेल, तेवढ्यात पाळी बदलायला वेळ असूनही गप्पा मारायला लवकर आलेला भोंगा दारात उभा राहिला. त्याने काच पाहिली, हात पाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा तो काहीही न बोलता धावला. त्याने त्यांना खांद्याने बाजूला लोटलं, चाक आवळलं, आग बंद केली. काटेसाहेब भिंतीला टेकले आणि घसरत खाली बसले. मग त्यांनी विचारलं, तू कोण?

खालची तोटी उघडल्यावर पाणी आलं. काच भरलेली होती. नशीब म्हणायचं, दुसरं काय. भोंगा पुढे कितीतरी दिवस हे सांगताना आवाज खाली आणायचा.

कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, निकाल आला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. रक्तातलं मीठ पार तळाला गेलं होतं. हाताला सुई लावून बाटली टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी काटेसाहेब भानावर आले, आणि बाटलीत काय आहे म्हणून विचारलं. बाईंनी सांगितलं, मीठ आणि पाणी. वर्षभर ज्याचं तोंड पाहिलं नाही ते थेंब थेंब करत शिरेतून आत जात होतं. शेजारी बसलेल्या भोंग्याला हसू आवरेना, तो बाहेर जाऊन हसून आला.

मग बाईंनी त्यांना नीट समजावलं. रागावूनच, पण त्यांच्या भाषेत. त्या म्हणाल्या, की मेंदूत एक जागा आहे, ती रात्रंदिवस रक्ताची चव घेत असते. रक्त खारट झालं की तहान लावते. पातळ झालं की मूत्रपिंडांना सांगते, पाणी सोडा. मीठ कमी पडायला लागलं की तीच मूत्रपिंडं मीठ घट्ट धरून ठेवतात, घामाच्या ग्रंथीसुद्धा घाम बाहेर टाकायच्या आधी त्यातलं मीठ काढून परत आत घेतात. बाहेर थंडी असो नाहीतर भट्टी, आतली ऊब जागच्या जागी. साखर, पाणी, मीठ, श्वास, सगळ्याला हिरवा पट्टा आहे.

“तुमच्या आत तुमच्याहून हुशार बॉयलरवाला बसलाय,” बाई म्हणाल्या. “त्याला पाळी नाही, सुट्टी नाही, आणि तो बढाया मारत नाही. तुम्ही त्याचं सामान बंद केलंत आणि त्याला पाण्यात बुडवलंत.”

काटेसाहेब खाली बघत राहिले. त्यांना वाटलं, आता अभ्रे. पण त्याहून वाईट पुढे होतं. बाईंनी त्यांची वही मागवली होती. त्यांनी पानं उलटली, एक वर्षाची, सगळीकडे शून्य. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, की ही वही खोटी आहे. इतक्या घामात, इतकं पाणी पिऊन, वर्षभर मीठ शून्य असतं तर तुम्ही पहिल्या दोन महिन्यांतच इथे आला असता. आता गोळे सुरू झाल्यापासून दहा दिवसांत तुमची काय दशा झाली ते बघा. म्हणजे तुम्ही कुठेतरी मीठ खात होतात आणि इथे शून्य लिहीत होतात. दाब एकवेळ मी औषधाने सांभाळीन, पण खोटी नोंद करणाऱ्याला बॉयलरवर पाठवणार नाही. तीन दिवसांनी तपासणी आहे, तोवर खरा आकडा आणा.

तीस वर्षांत एक खोटा आकडा नाही, आणि आता हे. काटेसाहेब त्या दिवशी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले आणि रडले. भोंग्याने ते पाहिलं, पण हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही.

भोंग्याचा फोन गेला तशी बायको मिळेल ती गाडी पकडून परत आली, तोवर काटेसाहेबही दवाखान्यातून घरी आले होते. घरात शिरल्या शिरल्या तिने फडताळावरची बरणी पाहिली, भरलेली, आणि सगळं समजली. काटेसाहेबांनी तिला नातीचं काहीही न विचारता बाईंचं बोलणं सांगितलं.  मी शपथेवर सांगतो, ते म्हणाले, मी कुठे मीठ खाल्लेलं नाही.

 वर्षभर बायकोने मिठाची गुळणी धरली होती, ती आता सोडायची वेळ आली होती. तिने मशीनवरचा बटणांचा डबा उचलला आणि त्यांच्यासमोर उघडला. वर बटणं होती. बटणांखाली कागद होता. कागदाखाली मीठ.

मग ती सांगत गेली आणि काटेसाहेब ऐकत गेले. तीस वर्षं ती त्यांचे कामाचे शर्ट धूत होती. घाम वाळला की शर्टाच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटायचे, ते घासून घासून तिची बोटं झिजली होती. त्यांनी मीठ बंद केलं आणि दोन आठवड्यांत नकाशे नाहीसे झाले. शर्ट घामाने ओलाकच्च, पण वाळल्यावर पाठ स्वच्छ. पहिल्यांदा तिला बरंच वाटलं, घासणं वाचलं म्हणून. मग एकीकडे ह्यांच्या पोटऱ्यांत गोळे, एकीकडे स्वच्छ शर्ट, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. ती डॉक्टरबाईंकडे जाऊन आली नव्हती, ती कुठेच गेली नव्हती. तिने नुसतं एक अंगुस्तान भरून मीठ मळलेल्या पिठात आणि भाजीत वाटून टाकलं. आठवड्यात पाठीवर फिकट रेघ आली आणि गोळे गेले. तेव्हापासून रोज. रेघ फिकट दिसली की एक अंगुस्तान. उन्हाळ्यात पाठ कोरी आली की दोन. जाड नकाशा उमटला की अर्धं. बरणीतल्या मसाल्यातही तेच होतं.

“तू मला सांगितलं का नाहीस?” काटेसाहेबांनी विचारलं.

“सांगितलं असतं तर खाल्लं असतं का?” ती म्हणाली.

 भाजीचं स्वतःचं मीठ. जिभेला वळण. शरीर हातात ठेवलंय. आपण कुणाकुणाला काय काय ऐकवलं, ते सगळं त्यांना एकेक करून आठवत गेलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तपासणीच्या दिवशी बायको बरोबर गेली. तिने डॉक्टरबाईंच्या टेबलावर अंगुस्तान ठेवलं आणि न धुतलेला एक शर्ट ठेवला. बाईंनी अंगुस्तान मिठाने भरून छोट्या तराजूवर तोललं, कागदावर गुणाकार केला आणि खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना गेल्या वर्षी जेवढं कमी हवं होतं, जवळपास तेवढंच ते भरलं. घामाच्या दिवसांचं वाढीव धरून. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला. काटा हिरव्यात होता.

बाई म्हणाल्या, की नोंद करणारा खोटं लिहीत नव्हता, त्याला माहीतच नव्हतं, हे मी मान्य करते. दाखल्यावर त्यांनी सही केली. खाली एक ओळ लिहिली, की ह्यांच्या आहाराची नोंद ह्यांच्या पत्नीच्या सहीशिवाय ग्राह्य धरू नये. आणि ते ठिबकपाणी पुन्हा प्यालात तर मी स्वतः तुम्हाला गोदामात सोडून येईन, असं तोंडी सांगितलं.

बॉयलर राहिला. इस्त्रीखात्यातल्या बायकांनी त्या दिवशी डबे उघडे ठेवले आणि येऊन चव बघा म्हणून त्यांना हाका मारल्या. त्यांनी मान खाली घालून सगळ्यांच्या डब्यातलं थोडं थोडं खाल्लं.

संध्याकाळी घरी आल्यावर ते वही घेऊन बसले. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी खरा लिहायचा आणि सही करायची. त्यांनी पहिल्या पानापासून शून्यांवर रेघा मारायला सुरुवात केली आणि बायकोला विचारायला लागले, की ह्या तारखेला किती, एक की दीड. ती म्हणाली, तुमच्या रेघा तुम्ही मारा, मला तीनशे सह्या करायला वेळ नाही, भाजी चिरायची आहे.

ती भाजी चिरत होती, शेजारी काकडी होती. चिरता चिरता तिने एक फोड तोंडात टाकली, तशीच, कोरी. काटेसाहेबांचं पेन थांबलं. त्यांच्या मिठाच्या रकान्यात आता एक, दीड, दोन असं भरत होतं. पण ह्या घरात एक वर्ष दोन माणसं जेवत होती.

“आणि तू?” त्यांनी विचारलं. “तुझ्या काकडीवर?”

“बरणी तुम्ही ओतून दिलीत ना.”

“अगं, पण बटणांच्या डब्यात होतं की. घ्यायचं होतंस चिमूटभर.”

बायकोने सुरी खाली ठेवली. “ताटात घेतलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं. आणि चोरून खायला मी काय मांजर आहे? चोरून घालणं वेगळं, चोरून खाणं वेगळं.” आणि ती पुन्हा चिरायला लागली.

काटेसाहेब उठले. चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि मिठाची पुडी घेऊन आले. मोरीजवळ वर्षभर पालथी पडलेली जुनी बरणी त्यांनी धुतली, पंच्याने आतून कोरडी केली, भरली, आणि टेबलावर पूर्वी असायची त्याच जागी ठेवली. मग काकडीच्या फोडी एका बशीत मांडून त्यांनी ती बशी बरणीशेजारी सरकवली आणि समोर बसले. बसले, हं. खुर्चीत.

तिने हात पुसले. चिमटीत मीठ घेतलं, काकडीवर भुरभुरलं, एक फोड खाल्ली आणि डोळे मिटून घेतले.  मग तिने दुसरी फोड घेतली आणि सांगायला लागली, की नात कशी आहे, नाक कुणावर गेलंय, भूक लागली की कशी लाल होते आणि पोट भरलं की त्याच क्षणी कशी झोपते. काटेसाहेब तिच्याकडे बघत राहिले. वही उघडीच पडली होती, अर्ध्या तासाची नोंद चुकली होती, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. बशीतल्या फोडी संपत आल्या तेव्हा ते उठले आणि दुसरी काकडी सोलायला घेतली.